पिछाडीचा माणूस

आमच्या सासरी, रावेर तालुक्यातल्या घरी, देवघराच्या फडताळात लाल खारव्याची बांधणी असलेली एक लांबट चोपडी आहे. ती आमच्या दिंडीची वही. आजेसासऱ्यांनी १९३१ साली ती सुरू केली आणि त्यांच्यामागे सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, चालवली. पहिली बरीच पानं मोडीत आहेत. नोकरी होती तोवर मी ती दिवाळीच्या साफसफाईत पुसायची आणि परत फडताळात ठेवायची. २०११ साली शाळेतून निवृत्त झाले, धुळ्याला माहेरी राहून मोडी शिकले, ते या वहीपायीच.

मला वाटलं होतं, आत अभंग असतील, नाहीतर बोवांच्या कीर्तनाची टिपणं. निघाला तो हिशेब. पहिल्याच वर्षाच्या पानावर दादर ज्वारी किती पायल्या, तुरीची डाळ किती, बिबड्यांचा डबा एक, कंदील दोन, घासलेटची बाटली, बैलांना सरकी. पखवाजाला लावायची कणीक रोज मूठभर, 'ती आधी वेगळी काढणे'. चपलांचे अंगठे बारा. सुया आणि दोरा. त्याखाली कामांची वाटणी: वीणा कोणाकडे, पखवाज कोणाकडे, पताका, तुळस, पाणी, गाडी, चूल. आणि सगळ्यांत खाली, दरवर्षी न चुकता, एक शब्द आणि त्यापुढे एक नाव. शब्द आहे 'पिछाडी'.

हा काय प्रकार, ते आबांनी मला फार पूर्वी सांगितलं होतं, पण तेव्हा मी कानाआड केलं. दिंडीच्या शेवटी चालणारा माणूस म्हणजे पिछाडी. तिथे नवखा माणूस द्यायचा नाही, थकलेला तर नाहीच. दिंडीतला सगळ्यांत दमाचा गडी निवडायचा आणि त्याला मागे ठेवायचं. त्यानं कोणाच्याही पुढे जायचं नाही. कोणी बसलं तर त्यानं बसायचं, कोणी उठेना तर गाडी मागवायची. मुक्कामावर सगळ्यांच्या शेवटी पोचायचं आणि विणेकरी बोवांना सांगायचं, 'सगळे आले.' त्याशिवाय पंगत वाढायची नाही.

वारीतल्या भक्तीबद्दल मराठीत उदंड लिहिलं गेलंय, आणि ते खरंच आहे. पण तापीच्या काठावरून भीमेच्या काठापर्यंत शेतकरी माणसं, त्यांत म्हातारी, त्यांत बाया, वर्षानुवर्षं पायी कशी पोचत राहिली, हा प्रश्न व्यवस्थेचा आहे. त्याचं उत्तर मला या वहीत सापडलं. आमच्याकडची लांबची चाल ही कधी एकट्याची नव्हतीच. ती संघाची होती, आणि संघ कसा बांधायचा हे आमच्या माणसांना चांगलं ठाऊक होतं.

ही वाट मुक्ताईची. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान यांची ही धाकटी बहीण. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतल्यावर, सोपानदेव सासवडला गेल्यावर, निवृत्तीनाथांबरोबर ती उत्तरेकडे तापीच्या काठाला आली. शके १२१९ म्हणजे १२९७ सालच्या वैशाखात, मेहूणजवळ वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, असं परंपरा सांगते. वय जेमतेम अठरा. म्हणून तिच्या बाबतीत आम्ही 'समाधी' म्हणत नाही, 'तिरोभूत झाली' म्हणतो. कोथळीला तिचं जुनं मंदिर आहे आणि मुक्ताईनगरला नवं. मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचं एदलाबाद. तिथून जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव. ज्या योगी चांगदेवांना या पोरीनं गुरुपदेश केला, त्यांचं देऊळ तिथे आहे. आता हतनूर धरणाचं पाणी थेट तिथपर्यंत येतं. महाशिवरात्रीला आमच्या भागातली माणसं आधी चांगदेव करतात, मग मुक्ताई.

पंढरीच्या मानाच्या सात पालख्यांत सगळ्यांत लांबून येते ती हीच. सुमारे सहाशे किलोमीटर, महिनाभराची चाल. ज्येष्ठ शुद्धात, अजून मृगाचा थेंब पडलेला नसतो, कपाशीच्या रानात नुसती धूळ असते, तेव्हा ती निघते. आळंदी आणि देहूच्या पालख्या घरून हलायच्या असतात तोवर मुक्ताई विदर्भ ओलांडून मराठवाड्यात उतरलेली असते. मलकापूर, मोताळा, राजूरचा घाट चढून बुलढाणा, मग चिखली, देऊळगाव राजा, जालना, अंबड, शहागडला गोदावरी, गेवराई, बीड, भूम, माढा आणि पंढरपूर. जळगाव, बुलढाणा, जालना, बीड, धाराशिव, सोलापूर असे सहा जिल्हे. वाटेतली गावं काळानुसार थोडी इकडची तिकडे झाली असतील, पण हा मुलूख ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आज आपण लुटीच्या भीतीवाचून रस्त्यानं चालतो. दोनशे वर्षांपूर्वीचा खानदेश डोळ्यांसमोर आणला की मग माणसं घोळक्यानं का चालत होती ते उमगतं. १८०३ च्या सुमारास होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, त्यापाठोपाठ दुष्काळ पडला, गावंच्या गावं उठली. पेंढारी आले, मग पगार थकलेले अरब शिबंदीवाले गढ्या धरून बसले. १८१८ त इंग्रजांकडे मुलूख गेला तेव्हा धुळ्याला बसलेल्या कॅप्टन ब्रिग्जपुढे पहिला प्रश्न रस्त्यांचाच होता. पुढे १८२५ मध्ये आउट्रमनं धरणगावला भिल्ल कोअर उभी केली. ज्यांची जंगलं आणि हक्क गेले होते अशा भिल्लांनाच पगारी शिपाई करून वाटा राखायला लावल्या. त्याआधी खानदेशातून पंढरीला जायचं म्हणजे घरच्यांचा शेवटचा निरोप घेऊनच निघावं लागे. अशाच काळात अमळनेरला बोरीच्या काठी सखाराम महाराजांनी वारकऱ्यांची गादी उभी केली. १८१८ साली, म्हणजे पेशवाई संपली त्याच वर्षी, ते गेले. त्यांच्या संस्थानची पायी वारी आजही अमळनेरहून पंढरपूरला जाते.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती फार थोड्या लोकांना खानदेशाशी जोडलेली माहीत असते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. पण आज आळंदीच्या पालखीत जी शिस्त दिसते, म्हणजे रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचा क्रम, चोपदाराची काठी वर झाली की लाखाचा जमाव गप्प होणं, ती घालून दिली हैबतबाबा आरफळकरांनी. हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. आख्यायिका अशी की कमाई घेऊन गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटलं आणि गुहेत कोंडलं. आत बसून ते हरिपाठ म्हणत राहिले. पुढे नायकाच्या घरी मुलगा झाला, त्या आनंदात त्यांना सोडलं, आणि ते घरी न जाता थेट आळंदीला गेले, ते कायमचे. आख्यायिका आख्यायिकेच्या जागी. पण फौजेतला माणूस होता म्हणून त्यानं वारीला फौजेची रचना दिली, आघाडी आणि पिछाडी दोन्ही राखली, हे उघड आहे. आमच्या वहीतला 'पिछाडी' हा शब्दही लष्करातलाच. सातपुडा आमच्या घराच्या माडीवरून दिसतो. ही गोष्ट आठवली की मी त्या डोंगराकडे जरा वेळ बघत राहते.

वहीच्या मोडी पानांवर पैशांचे दोन रकाने आहेत. एकावर 'कलदार', दुसऱ्यावर 'हाली'. मला आधी उलगडा होईना. मग नकाशा पुढ्यात घेतला. एदलाबाद पूर्व खानदेशात, म्हणजे मुंबई इलाख्यात. मलकापूर ते देऊळगाव राजा वऱ्हाडात. ते मुळात निजामाचं, १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात गेलेलं आणि १९०३ नंतर मध्य प्रांताला जोडलेलं. जालन्यापासून भूमपर्यंत खुद्द निजामाचं राज्य. तिथे नाणं वेगळं, हाली शिक्का; कलदार तो इंग्रजी रुपया. सरहद्दीवर जकातीचं नाकं, त्याला करोडगिरी म्हणत. आणि माढ्याला पुन्हा मुंबई इलाखा. एकाच चालीत इतक्या सरहद्दी. म्हणून दिंडीत एक जण पैसे बदलून आणायला नेमलेला असे आणि हाली-कलदारचा बट्टा तोंडपाठ असणारा माणूस त्या कामाला लागे. आजेसासऱ्यांचा एक शेरा आहे, 'करोडगिरीवर तुपाचा डबा उघडून दाखविला. सोडिले.' त्या सहा शब्दांत किती वेळ उन्हात खोळंबा झाला असेल, याचा मी अंदाज करते.

१९४८ चं पान वहीत नाही. कोणी फाडलेलं नाही, शिवण शाबूत आहे, ते लिहिलेलंच नाही. त्या आषाढात निजामाच्या सरहद्दीवर रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद संस्थान विलीन झालं. पुढच्या वर्षाचं पान आहे, आणि नेहमीपेक्षा नावं जास्त आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आले, तेव्हा वहीच्या हयातीत पहिल्यांदा मुक्ताईची सगळी वाट एका राज्यात आली. पैशांचे दोन रकाने त्याच्या आधीच एक झाले होते.

रेल्वेचा मोह नव्हता असं नाही. भुसावळसारखं मोठं जंक्शन दारात. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत गेली, म्हणजे भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी असं गाडीनं दोन-तीन दिवसांत जाता येऊ लागलं. पुष्कळ लोक जाऊ लागलेही. पण पालखी पायीच राहिली. आणि गाडीची गर्दी वाढली तशी पटकीही वाढली. पंढरपूरची यात्रा आणि पटकी हे समीकरण सरकारी दप्तरांत ठाण मांडून बसलं होतं. टोचून घेतल्याची चिठ्ठी खिशात ठेवल्याशिवाय यात्रेत सोडत नसत, असं आबा सांगायचे. दिंडीतल्या एकाला पटकी झाली त्या वर्षी पिछाडीचा माणूस त्याच्यापाशी एका गावात नऊ दिवस राहिला आणि त्याला घेऊन घरी परतला. त्या पिछाडीच्या माणसाला विठोबाचं दर्शन झालं नाही. वहीत त्याच्या नावापुढे तरीही 'वारी पूर्ण' असंच लिहिलं आहे.

सगळंच गोड नव्हतं. १९३० च्या आणि ४० च्या दशकातल्या पानांवर चूल एक नाही, दोन आहेत, आणि त्यांच्यापुढची नावं जातींप्रमाणे वाटलेली आहेत. टाळ एकत्र वाजत होते, भाकरी वेगळी भाजली जात होती. इरावती कर्व्यांनी आळंदीच्या वाटेवर हेच पाहिलं आणि लिहिलं. त्यांना ते फार लागलं होतं. आमच्या वहीनं ते जसंच्या तसं टिपून ठेवलंय, म्हणून मी ते लपवणार नाही. साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले शिक्षक. पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या १ मे ते १० मे ते पंढरपुरात उपोषणाला बसले. त्याआधी काही महिने त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला होता. देऊळ उघडलं. आमच्या वहीत दुसरी चूल मात्र त्यानंतरही बरीच वर्षं दिसते. ती कोणत्या पानावर गेली ते मी शोधलं. १९७३.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. खानदेशापेक्षा मराठवाडा जास्त होरपळला. १९७३ च्या पानावर दादरीचं नावच नाही. 'मिलो' आहे, ती रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटायची. आबा तेव्हा ऐन उमेदीत होते आणि त्या वर्षी पिछाडी त्यांच्याकडे होती. त्यांनी सांगितलेलं मला जसंच्या तसं आठवतं. अंबडच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं खडी फोडत बसलेली. बाया, लेकरं, म्हातारी. पालखी आली तशी हातोडे थांबले. त्यांना कामावर सुकडी मिळायची. एका बाईनं पदरात बांधलेली सुकडी सोडली आणि दिंडीतल्या लेकराच्या हातावर ठेवली. मग दुसरीनं, मग तिसरीनं. कोणी कोणाची जात विचारली नाही, विचारायची सोयच उरली नव्हती. त्या रात्री दोन चुली पेटवायला सरपण नव्हतं, म्हणून एकच पेटली. पुढच्या वर्षी सरपण होतं. तरी दुसरी चूल पुन्हा पेटली नाही.

मी स्वतः पहिल्यांदा चालले ते २०१२ साली. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे नोकरीत असताना ही वारी जमण्यासारखी नव्हती. त्या वर्षी जालना-बीडकडे पावसानं दडी मारली होती. आम्ही निघालो तेव्हा मलकापूरच्या डांबरावर चप्पल चिकटत होती.

दिंडीत सगळा कारभार भिशीवर चालतो. भिशी म्हणजे माणशी ठरलेली वर्गणी, त्यात जेवण, ट्रक, तंबू सगळं आलं. बैलगाडीच्या जागी ट्रक आणि पाण्याचा टँकर आला, बाकी रीत तीच. पहाटे तीनला बायका उठतात, कारण पुरुषमंडळी टँकरपाशी यायच्या आत आंघोळी उरकायच्या असतात. ओलं लुगडं वाळत घालायला वेळ नसतो. मग दोघी जणी दोन टोकं धरतात आणि लुगडं मधे ताणून चालू लागतात. कोसाभरात ते खडखडीत वाळतं. पहिल्या दिवशी मला एका अनोळखी बाईनं न विचारता आपल्या लुगड्याचं दुसरं टोक हातात दिलं. माझी दिंडीत भरती तिथे झाली असं मी समजते.

राजूरच्या घाटात माझी दैना झाली. तापी-पूर्णेच्या सपाटीवर राहणारी माणसं आम्ही, चढ चढायची पायांना सवय नाही. डाव्या टाचेला आणि चवड्याला रुपयाएवढे फोड आले होते. मी मागे मागे राहत गेले. टाळ ऐकू येईनासे झाले. मागून कोणीतरी चालतंय एवढं कळत होतं, पण तो पुढे जात नव्हता. पिछाडीचा माणूस होता, तिशीतला, केळीच्या मळ्यात घड वाहायचं काम करणारा. मनात आणलं असतं तर तो घाट पळत चढला असता. मी थांबले तसा म्हणाला, "बस माय जराशी. पंढरपूर काही पयी जात नाही."

मी दगडावर टेकले. त्यानं पिशवीतून सुई काढली, काडी ओढून तिचं टोक तापवलं, तेलात भिजवलेला दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढला. दोरा ओढून काढला नाही. दोन्ही बाजूंना बोटभर ठेवून कापला, म्हणजे आतलं पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहतं आणि वरची कातडी फाटत नाही. कातडी फाटली की वारी संपली. त्यावर हळद-तेल चोपडलं, जुन्या सुती लुगड्याची पट्टी बांधली. सगळं होईपर्यंत त्यानं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. १९३१ च्या पानावरच्या 'सुया आणि दोरा'चा अर्थ मला ८१ वर्षांनी राजूरच्या घाटात कळला. तंबूवर पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. पानं मांडून माणसं बसलेली होती, वाढप्यांची पातेली झाकलेली. तो बोवांकडे गेला आणि म्हणाला, "सगळे आले." मग वाढायला सुरुवात झाली. माझ्यामुळे दीडशे माणसं भुकेली बसली होती आणि एकाच्याही चेहऱ्यावर नाराजी नव्हती. त्या पंगतीत मला घास गिळवेना.

बीडला मुक्ताईच्या आजोबांची, गोविंदपंतांची समाधी मानतात. नात आजोबांना भेटायला आली म्हणून पालखी तिथे थांबते. वाटेतल्या बाकी सगळ्या गावांत लोक पालखीच्या पाया पडतात. इथे म्हाताऱ्या बाया पालखीवरून बोटं मोडून तिची दृष्ट काढतात. आणि दशमीला वाखरीच्या माळावर भावंडांच्या पालख्या एकत्र येतात. आळंदीचा तो दर्या दिसला की आमची दिंडी फार लहान वाटते. पण सगळ्यांत लांबून आलेली बहीण म्हणून तिच्या पताकेला वाट करून देणारी माणसं मी तिथे पाहिली आहेत.

माझं माहेर धुळे, त्यामुळे दुसरी एक चालही मला लहानपणापासून ठाऊक आहे. ती चैत्रातली, सप्तशृंगीची. खानदेश हे देवीचं माहेर, म्हणून चैत्री पौर्णिमेला माहेरची माणसं गडावर गेलीच पाहिजेत, ही आमच्याकडची श्रद्धा. धुळे, शिरपूर, शहादा, पारोळा, जळगावकडून माणसांचे जथे निघतात. आग्रा रोडनं मालेगाव, मग सौंदाणे, देवळा, कळवण, नांदुरी आणि गड. धुळ्याहून दीडशे किलोमीटरच्या आसपास. ऊन असं की दिवसा झाडाखाली पडून राहायचं आणि रात्री चालायचं. चतुर्दशीच्या मध्यरात्री दरेगावचं गवळी घराणं त्या सरळसोट सुळक्यावर चढून निशाण लावतं, ते खालून बघायला सगळे पोचायला हवे असतात. इथे वीणा नाही, चोपदार नाही. मंडळं आहेत, टेम्पो आहेत, हलगी आहे. पण माझे वडील मंडळाबरोबर जात तेव्हा तिथेही एक जण कंदील घेऊन मागे असे. त्याला ते 'मागला दिवा' म्हणत. अलीकडे या वाटेवर भरधाव गाड्यांनी पदयात्री उडवल्याच्या बातम्या चैत्र आला की वाचाव्या लागतात. मागला दिवा असलेलं मंडळ मला हल्ली क्वचितच दिसतं, आणि मला त्याची काळजी वाटते. रात्री महामार्गानं जाणाऱ्या प्रत्येक मंडळानं शेवटच्या माणसाच्या पाठीवर चमकणारी पट्टी आणि हातात लाल दिवा दिलाच पाहिजे.

२०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्या मोजक्या वारकऱ्यांसह एसटीनं पंढरपूरला नेल्या. मुक्ताईही एसटीनं गेली. १ जुलैची एकादशी आम्ही घरात केली. आबा त्यापूर्वीच गेले होते. त्या वर्षीचं पान मी लिहिलं. सामानात काही नव्हतं, कामांत काही नव्हतं. फक्त शेवटची ओळ लिहिली, 'पिछाडी', आणि पुढे आमच्या दिंडीतल्या सगळ्यांची नावं.

आता माझं मागणं. आळंदीच्या वाटेवर इरावतीबाई चालल्या, दि. बा. मोकाशी चालले, म्हणून ती वाट पुस्तकात आली. मुक्ताईची वाट आमच्यासारख्यांच्या फडताळांत पडून आहे. जळगाव, बुलढाणा, जालना, बीड या जिल्ह्यांत जुन्या दिंड्या आहेत, आणि जिथे भिशी आहे तिथे हिशेब आहे, जिथे हिशेब आहे तिथे वही आहे. खानदेशाला ही कामं नवी नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे कागदांसाठी गावोगाव वणवण फिरले आणि शेवटी धुळ्यालाच १९२६ च्या डिसेंबरात त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून समर्थांची बाडं गोळा केली, ती धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. समर्थांच्या हातचं वाल्मीकी रामायण तिथे आहे. हे सगळं कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी फडताळातच होतं.

तेव्हा तुमच्या घरी दिंडीची जुनी वही असेल, मोडीत असो की बाळबोधीत, तर ती दिवाळीच्या रद्दीत घालू नका. वाळवी लागली असेल तर उन्हात धरू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा. पान न् पान मोबाइलवर टिपून घ्या. मोडी वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडे घेऊन जा. माझ्याकडे आणलीत तर मी वाचून देईन. आणि घरातली ऐंशीच्या पुढची माणसं अजून बोलती असतील तर त्यांना एवढं विचारा, की तुमच्या दिंडीत मागे कोण चालत असे.